माठ बिघडला तेव्हा

निळीचा माठ बिघडला की रंगाऱ्यानं खोटं बोलायचं असतं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. माझ्या बापानं मला शिकवलं, बापाला त्याच्या बापानं. गूळ किती, चुना किती, तरोट्याचं बी किती उकळायचं, हे जसं शिकवलं तसंच हेही शिकवलं. माठ चांगला असतो तोवर पाणी हिरवटपिवळं राहतं, वर तांबूस साय धरते, आणि कापड बाहेर काढलं की वाऱ्याला लागून डोळ्यांदेखत निळं होतं. पण एखाद्या कडक थंडीत तो रुसतो. पाणी राखेसारखं होतं, वास बदलतो, आणि कापडाला लागलेला रंग पहिल्याच धुण्यात निघून जातो. गूळ घालून झाला, चुना घालून झाला, गोणपाटं पांघरून झाली तरी तो वळणावर येईना, तर एकच उपाय उरतो. बाजारात जायचं आणि एक खोटी बातमी सोडून द्यायची.

त्याचेही कायदे आहेत. बातमी पुरती खोटी हवी, आणि तिनं कुणाचं वाईट होऊ नये. ती जितक्या तोंडांतून जाईल तितका माठ लवकर सुधारतो. कापड शेवटचं बुचकळून वाळत नाही तोवर ती मागे घ्यायची नाही. घेतली तर माठ जो बसतो तो कायमचा. शिकलेली माणसं हे ऐकून हसतात. हसू देत बापडी. मलाही हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी करीम. मूळचा देवगाव रंगारीचा. लग्न झाल्यावर औरंगाबादला आलो आणि शहागंजाच्या मागच्या गल्लीत रंगाचं काम सुरू केलं. जमिनीत पुरलेले दोन माठ, एक अंगण, वाळवणाच्या दोऱ्या, आणि कोपरापर्यंत निळे झालेले माझे हात, एवढाच आमचा पसारा. माझी बायको गौहर म्हणायची की माझा स्वभावही या हातांसारखाच आहे, कितीही घासा, तसाच. खरं आहे ते. मी तापट माणूस. आणि तापट माणसाला स्वतःबद्दल एक गैरसमज असतो, की आपण फटकळ आहोत म्हणजे आपण खरं बोलतो.

आमच्या देवगावची एक मुलगी औरंगाबादला दिलेली होती, मनकर्णा. दिल्ली दरवाज्याबाहेर जी सरकारी बाग होती, तिथं तिचा नवरा कडूबा माळी होता. गावची लेक म्हणजे बहीण, त्यात हिंदू-मुसलमान कुणी पाहत नसे. ती मला करीमभाऊ म्हणायची, नागपंचमीला माझ्या नावानं उपास धरायची. म्हणजे कडूबा माझा दाजी झाला, आणि दाजीची जितकी थट्टा करता येते तितकी मी केली. त्याच्या आधीची तीन भावंडं दगावली म्हणून आईनं त्याचं नाव कडूबा ठेवलं होतं, मरणानं त्याला तोंडात घालू नये म्हणून. मी म्हणायचो, दाजी, नाव तुझं कडू, मग तुझ्या फुलांना वास गोड कसा येतो? तो नुसता हसायचा. फार कमी बोलणारा माणूस.

ती बाग म्हणजे नुसती हारातुऱ्याची बाग नव्हती. दूरदूरच्या मुलखांतून आणलेली झाडं तिथं लावलेली होती आणि प्रत्येकाच्या बुंध्याला नावाची पत्र्याची पट्टी होती. कडूबाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पानावर नुसता हात फिरवून तो झाड सांगायचा.

त्या दोघांना एकच मुलगा, बन्सी. सिंगापूर पडायच्या आदल्या चैत्रात तो पलटणीबरोबर मलायाला गेला. दोन-तीन पत्रं आली आणि मग बंदच झाली. मनकर्णानं नवस केले, दर्ग्यावर चादर चढवली, पोस्टमनशी भांडली. कडूबानं यातलं काही केलं नाही. बन्सी गेला त्याच महिन्यात त्यानं बागेच्या दफ्तरातून एक रद्दीतली जाडजूड वही मागून आणली, आणि दर महिन्याला बागेत जे पहिलं फुलेल त्याचं एक फूल आणि एक पान तो त्या वहीत दाबून ठेवू लागला. मी विचारलं, हे काय नवीन? म्हणाला, पोरगं इथं नाही, त्याच्या माघारी बागेत काय काय फुललं ते त्याला दाखवायला नको का? यावर मला काही थट्टा सुचली नाही.

लढाई संपली, त्या पावसाळ्यात बागेच्या मोहतमीमसाहेबांनी थंडीत नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरवायचं ठरवलं. बागा सांभाळणारा तो साहेब मोठा हौशी. त्याची अट अशी होती की औरंगाबादच्या आणि आसपासच्या कारागिरांनी आपापल्या हुन्नराची एक चीज आणायची, पण तिच्यात याच बागेतलं एखादं पान, फूल, फळ उतरलेलं असलं पाहिजे. आणि ती भिंतीवर नाही, बागेतच, झाडांच्या मध्ये मांडायची. हिमरूच्या शाली विणणारे कामाला लागले, पैठणचा एक विणकर आला, शाळेचे चित्रकलेचे मास्तर रोज सकाळी तिपाई घेऊन झाडांसमोर बसू लागले. कडूबा वही काखेत मारून माझ्याकडं आला. त्याच्या मनात होतं की वहीतली सगळी फुलं क्रमानं एका लांब कापडावर यावीत, निळ्यावर पांढरी. नुमाइशीत लोक बघतील. नंतर कापड बन्सीसाठी ठेवायचं.

दसऱ्याला आम्ही सुरुवात केली. सुती कापडाचा बारा हात लांब जाडाभरडा थान घेतला. पानाच्या मागच्या बाजूला शिरा उठून दिसतात, तिथं डिंक आणि चुनामातीचा लेप लावायचा आणि पान कापडावर दाबायचं. लेप बसला तिथं नीळ शिरत नाही, आणि माठातून काढून धुतलं की पान शिरांसकट पांढरं उमटतं. फुलं अशी दाबता येत नाहीत, ती वहीतल्या सुकलेल्या फुलाकडं बघून कलमानं काढायची. चैत्रातला कवठीचाफा, वैशाखातला मोगरा, मग बकुळ, मग पुढचं. कडूबा बाजूला बसून सांगायचा, हे फुललं तेव्हा त्याचं शेवटचं पत्र आलं. हे फुललं तेव्हा मनकर्णा आजारी होती. त्याच्या तोंडून इतके शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते. गौहर वही मांडीवर घेऊन पानं उलटायची, वास घ्यायची.

दिवाळीनंतर मात्र काहीतरी बदललं. तो वही हातात देईना. फूल स्वतः काढायचा, माझ्यापुढं ठेवायचा आणि वही लगेच मिटायचा. गौहरनं एकदा हात पुढं केला तर त्यानं वही छातीशी धरली. मी चिडलो. म्हणालो, दाजी, सोनं ठेवलंय का तिच्यात? मग एक दिवस आम्ही तिसऱ्या वर्षाच्या श्रावणातल्या गुलबाशीवर आलो. मी ती काढून संपवली तशी तो म्हणाला की आता बस, इथंच थांब.

मी म्हणालो, अरे, थान निम्मा कोरा आहे आणि वहीत अजून दोन वर्षांची फुलं आहेत. तो म्हणाला, पुढची नकोत. कोरं राहू दे, नुसतं निळं होऊ दे. मला वाटलं माणूस दमला. मला वाटलं नुमाइशीत आपलं हसं होणार. माझं सगळं लक्ष माझ्या कारागिरीत होतं, म्हणून समोरच्या माणसाचा चेहरा मला दिसला नाही. आज तो दिसतो.

नुमाइशीला आठ दिवस उरले आणि माठ बिघडला. त्या वर्षी थंडीही तशीच होती, सकाळी अंगणातल्या बादलीला हात लाववत नव्हता. मी माठाला शेकलं, गूळ ओतला, दिवसभर घोटत राहिलो. पाणी राखाडी ते राखाडीच. दुसरा माठ तर मोसमाआधीच रिकामा केला होता. मोहतमीमसाहेबांचा माणूस येऊन विचारून गेला की कापड कधी पोचतंय.

मी चावडीसमोरच्या चहाच्या दुकानात गेलो आणि सांगितलं की कन्नडच्या घाटात पांढरा वाघ दिसला. दुकानातली सगळी माणसं एकदम हसली. करीमचा माठ बिघडला वाटतं, असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. शहागंजात आमची ही रीत कुणाला ठाऊक नाही? वाघ दुकानाच्या पायऱ्यासुद्धा उतरला नाही. माठ होता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कन्नडचा एक गाडीवान आला, रामकिसन. सरकी पोचवून परत निघाला होता, बायकोसाठी निळं लुगडं विचारत होता. भोळा माणूस, परगावचा. माझ्या समोर कडूबाचं कापड पसरलेलं होतं आणि डोक्यात माठ होता. मी सहज बोलल्यासारखं म्हणालो की मलायात कैदेत असलेली आपल्या पलटणीची माणसं सुटून मुंबईला उतरली म्हणे, चार-आठ दिवसांत मनमाडच्या गाडीनं येतील. त्यानं डोळे मोठे केले. कोण कोण, म्हणून विचारलं. बिननावाची बातमी लांब जात नाही, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, आमच्या सरकारी बागेतल्या माळ्याचा बन्सी आहे त्यात.

मी मनाशी काय म्हणालो तेही सांगतो. म्हणालो, कन्नड लांब आहे. म्हणालो, बातमी चांगली आहे, हिनं कुणाचं काय वाईट होणार? म्हणालो, कुणी सांगावं, खरीही होईल. खोटं बोलणाऱ्याला कारणं कधी कमी पडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी माठावर तांबूस साय धरली होती. मी बोट बुडवलं, बाहेर काढलं, ते हिरवं दिसलं आणि बघता बघता निळं झालं. मला इतका आनंद झाला की मी गौहरला हाक मारून दाखवलं. तिनं विचारलं, या वेळी काय खोटं बोललात? मी सांगितलं. ती म्हणाली की तुम्हाला दुसरं कुणाचं नाव मिळालं नाही का. मी तिच्यावर ओरडलो.

कापड बुचकळायला सुरुवात केली. एकदा बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, असे पाच हात द्यायचे होते. तिसरा हात चालला असताना कडूबा दारात येऊन उभा राहिला. पळत आल्यासारखा दिसत होता. देवगावहून मनकर्णाचा भाऊ बद्रीनाथ गाडी जुंपून आला होता, बरोबर लाडू आणि नवं लुगडं घेऊन. कन्नडच्या बाजारात सगळीकडं बोलणं होतं की मलायाची माणसं सुटून आली, त्यात बन्सी आहे. बद्रीनाथनं खोदून खोदून विचारलं तेव्हा बातमी शहागंजच्या रंगाऱ्याकडून निघाल्याचं कळलं. मनकर्णा सकाळपासून घर सारवत होती आणि रडत होती.

कडूबाची सासुरवाडी रंगाऱ्यांच्या गावची. आमची रीत त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती. तो माठाच्या काठाशी येऊन उकिडवा बसला आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "करीम, एकच इचारतो. खरं सांग. तुझा माठ बिघडला व्हता का?"

माझे दोन्ही हात निळीत होते. कापड निम्मं आत, निम्मं बाहेर. अजून दोन हात द्यायचे होते, आणि खरं बोललो तर माठ बसणार होता. त्या क्षणी मी एवढाच विचार केला, याची मला आजही लाज वाटते. कापड त्याच्याच मुलाचं होतं, आणि त्या कापडासाठी मी त्याच्याशीच खोटं बोललो.

"नाय," मी म्हणालो. "माठ चांगला हाय. दिसत नाय का?"

तो जमिनीवर बसला. मग त्याचा चेहरा असा उजळला की मी खाली बघितलं. त्यानं काखेतली वही उघडली, तिच्यातून उरलेली सगळी फुलं काढली, तेरडा, प्राजक्त, शेवंती, कुंद, आणि माझ्यापुढं एका फडक्यावर मांडली. पुढची फुलं काढ म्हणाला, थांबू नको, सगळी काढ. मी म्हणालो की आता कापडाला नीळ लागली, आता पांढरं उमटत नाही. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मंग. त्यो आला की सोता दुसऱ्या कापडावर काढंल." आणि लग्नाच्या घरी निघाल्यासारखा लगबगीनं गेला.

नुमाइशीच्या दिवशी बाग ओळखू येत नव्हती. हिमरूच्या शालीवर डाळिंबाची फुलं होती आणि ती शाल डाळिंबाच्या झाडाखालीच मांडली होती. पैठणच्या विणकरानं पदरावर बागेतली वेल उतरवली होती. ताजिये बनवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं कागदाची कमळं केली होती आणि ती हौदात सोडली होती, खऱ्या कमळांत. लोक वाकून वाकून ओळखायचा प्रयत्न करत होते. आमचं कापड दोन कवठीचाफ्यांच्या मध्ये बांधलं होतं. वारा आला की पांढरी पानं हलायची आणि मागं खरी पानं हलायची. लोक उजवीकडून चालत यायचे, मोगरा, बकुळ, केवडा अशी नावं घेत गुलबाशीपर्यंत पोचायचे आणि पुढं नुसतं निळं बघून थांबायचे. कुणी म्हणालं, हे आभाळ. कुणी म्हणालं, समुद्र, मलायाच्या वाटेवरचा. मोहतमीमसाहेबांनी मला विचारलं की हा भाग कोरा का. मला सांगता आलं नाही. ते म्हणाले की हाच भाग सगळ्यात सुंदर आहे.

कडूबा तिथं नव्हता. बागेचा माळी, त्याच्या बागेची नुमाइश, त्याच्या वहीतलं कापड, आणि तोच नाही. बागेचे मुन्शी जब्बारमियाँ त्याला शोधत होते. मी सांगितलं की तो मनकर्णाला घेऊन स्टेशनावर गेलाय, मनमाडची गाडी बघायला, बन्सी येणार म्हणून.

जब्बारमियाँनी मला हाताला धरून हौदामागं नेलं. बन्सीचा कागद दिवाळीतच आला होता. बागेच्या पत्त्यावर, सरकारी उर्दूत. कडूबाला वाचता येत नव्हतं म्हणून जब्बारमियाँनीच तो वाचून दाखवला. बन्सी कैदेत तापानं गेला होता, दोन वर्षांपूर्वी, श्रावणात. कडूबानं तो कागद घडी घालून वहीत ठेवला आणि मुन्शींना हात जोडून सांगितलं की मनकर्णाला कळू देऊ नका, मी सांगेन माझ्या वेळेनं. मग सांगितलं की नाही, ते मुन्शींना माहीत नव्हतं.

मी कापडाकडं बघितलं. तिसऱ्या वर्षाचा श्रावण, गुलबास, आणि त्यापुढं काही नाही. माझ्या हातानं काढलं होतं मी ते, आणि मला वाचता आलं नाही. मी उर्दू वाचतो, मोडी वाचतो, आणि हे मला वाचता आलं नाही.

नुमाइश तशीच टाकून मी स्टेशनाकडं निघालो. टांगा मिळेना म्हणून निम्मी वाट चालत गेलो. पोचलो तेव्हा गाडी येऊन गेली होती. फलाट रिकामा होत होता. मनकर्णा बद्रीनाथनं आणलेलं नवं लुगडं नेसून फाटकाशी उभी होती आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड बघत होती. हातात डबा होता. कडूबा लांब एका बाकावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

"दाजी," मी म्हणालो, "माठ बिघडला व्हता."

फलाटावरचा हमाल झाडू मारत मारत आमच्यापर्यंत आला आणि पुढं गेला.

"म्या इचारलं तवा?" त्यानं विचारलं.

"तवा सुधारला व्हता."

"म्या 'व्हता का' इचारलं व्हतं, करीम."

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं धरू दिले नाहीत. माझ्याकडं न बघता तो अगदी हळू बोलत होता. दिवाळीपासून त्यानं एकट्यानं ते सोसलं होतं. दिवसा झाडांना पाणी घालायचं आणि घरी गेलं की मनकर्णासमोर हसायचं. संक्रांतीनंतर तिला सांगायचं असं त्यानं ठरवलंही होतं, नुमाइश झाली की कापड तिच्यापुढं पसरायचं आणि त्या गुलबाशीवर बोट ठेवायचं. बद्रीनाथ आला तेव्हाही त्याचा विश्वास बसला नव्हता. तो माझ्याकडं आला तो एवढंच विचारायला.

"तू नाय म्हनला," तो म्हणाला. "म्या म्हनलं, सरकारचा कागद खोटा असंल, करीम माझ्याशी खोटं नाय बोलायचा. काल जाऊन कागद खाम नदीत सोडला. पान्यात इरघळंस्तोवर बघत उभा ऱ्हायलो." मग त्यानं विचारलं, "म्या त्याला एकदा पुरला व्हता. आता दुसऱ्यांदा पुरू व्हय?"

मनकर्णा आम्हाला बघून लगबगीनं आली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, नुसती घाई होती. नुमाइश सोडून भाच्याला बघायला आला का, म्हणून तिनं मला कौतुकानं विचारलं. मी उठलो. मी तिला सांगणारच होतो, अल्लाची शपथ घेऊन सांगतो. पण कडूबानं माझ्या हाताचं मनगट धरलं आणि मान हलवली. त्याच्या हाताला मातीचा वास येत होता.

"करीमभाऊ," ती म्हणाली, "तू सोताच्या कानानं आयकलं ना, मुंबईला उतरले म्हनून?"

मी कडूबाकडं बघितलं. तो रुळांकडं बघत होता.

"व्हय," मी म्हणालो.

"मंग आज नाय तर उद्या," ती म्हणाली आणि डबा माझ्यापुढं केला. बन्सीसाठी केलेल्या पुरणपोळ्या होत्या, परत घरी न्यायच्या नव्हत्या. आम्ही तिघांनी त्या बाकावर बसून खाल्ल्या. कडूबानंही खाल्ली.

त्यानं तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. कागद गेला होता. कागद असता तर एखाद्या दिवशी धीर करून तिच्या हातात ठेवता आला असता. नुसत्या तोंडानं सांगितलं असतं तर तिनं मानलं नसतं, कारण तिच्याजवळ माझा शब्द होता. मला त्यानं एकच अट घातली होती, की तिला काही सांगायचं असलं तर ते मी सांगीन, तू नाही. त्यानंतर तो माझ्याकडं आला की पूर्वीसारखाच अंगणात बसायचा, चहा घ्यायचा. मी त्याची थट्टा करणं सोडलं. तेव्हा तो एकदा म्हणाला की थट्टा कर रे, घर फार गप्प असतं. मला जमली नाही. दोन वर्षांनी तोही गेला, बागेतच, आळं करता करता.

त्या हिवाळ्यानंतर माझा माठ दोनदा बिघडला. दोन्ही वेळा मी तो उपसला आणि उकिरड्यावर ओतला. गल्लीतली माणसं म्हणाली, करीम, एखादं खोटं बोलून बघ की. मी म्हणालो, आता जमत नाही. ते खरं नव्हतं.

कारण मनकर्णा येते. कडूबाची वही आता तिच्याकडं आहे. ती दर महिन्याला बागेत जाते, जे पहिलं फुललं असेल ते नव्या माळ्याकडून मागून घेते, आणि स्टेशनावर एक गाडी बघून परत जाताना माझ्या दारात थांबते. नुमाइशीतलं कापड कडूबानं घरी नेलं नव्हतं; ते मोहतमीमसाहेबांनी कडूबा गेल्यावर तिच्या स्वाधीन केलं, तेही तिच्या पिशवीत असतं. माझ्या अंगणात ती ते उलगडते आणि कोऱ्या निळ्यावरून हात फिरवते. एवढी जागा बरी सोडली दोघांनी, म्हणते. बन्सी आला की उरलेली फुलं इथं काढू.

एकदा निळं झालेलं पुन्हा पांढरं होत नाही, हे देवगावची लेक असून तिला ठाऊक नाही असं कसं म्हणू? पण ती म्हणते आणि मी मान हलवतो. मग ती कापडाची घडी घालते, फूल वहीत ठेवते, आणि जाता जाता विचारते.

"करीमभाऊ, तू सोताच्या कानानं आयकलं व्हतं ना?"

गौहर आतून ऐकत असते. मी "व्हय" म्हणतो. मनकर्णा समाधानानं मान डोलावते, चपला घालते आणि पुढच्या महिन्यात येते म्हणून सांगून जाते.